मुलांचे वापरलेले कपडे व बाळाचे सामान : अडतीवर विक्री

मुलाला न होणारे कपडे, बाबागाडी, उंच खुर्ची, खेळणी अशा वस्तू दुकानात ठेवायच्या आणि त्या विकल्या गेल्यावर ठरलेला वाटा घ्यायचा, अशी ही विक्रीची पद्धत आहे. अशा दुकानांना ‘कन्साइनमेंट शॉप’ म्हणतात. व्यवहाराचे स्वरूप मात्र आपल्या ओळखीच्या अडतीचेच आहे : माल मालकाचा, जागा आणि गिऱ्हाईक दुकानदाराचे. विक्री होईपर्यंत वस्तूची मालकी ठेवणाऱ्याकडेच राहते, त्यामुळे ती विकली गेली नाही तर तोटाही त्याचाच.

मुलांच्या वस्तूंमध्ये ही पद्धत विशेष रुजली, याचे कारण वाढीच्या वेगात आहे. पहिल्या वर्षात बाळाची लांबी साधारण २५ सेंमी.ने वाढते, पाचव्या महिन्याच्या सुमारास वजन जन्माच्या वेळेच्या दुप्पट आणि वर्षाअखेर तिप्पट होते. ० ते ३ महिने मापाचा कपडा त्यामुळे काही आठवडेच अंगावर राहतो आणि झिजण्याआधी आखूड होतो. मूल पळू लागले की चित्र पालटते. चार-पाच वर्षांपुढच्या मापात गुडघे घासलेले असतात, बुडावर कापड विरलेले असते, आणि एकच विजार वर्षभर वापरात राहते. म्हणूनच दुकानात तान्ह्यांचे कपडे ढिगाने येतात, तर मोठ्या मुलग्यांच्या विजारींची कायम चणचण असते. तान्ह्या मापात दुकानदार जवळजवळ नवे दिसणारे कपडेच उचलतो. मोठ्या मापात किंचित वापर चालवून घेतो.

करार आणि हिशेब

दुकान आणि मालक यांचे वाटे बहुधा ४० ते ६० टक्क्यांच्या दरम्यान ठरतात. माल ठेवण्याची मुदत साधारण ६० ते ९० दिवसांची असते. किंमत दुकानदार ठरवतो, आणि ते त्याच्यावर सोडणेच बरे, कारण कुठल्या मापाला गिऱ्हाईक आहे हे त्याला रोज दिसते. चांगल्या कपड्याला नव्या किमतीच्या पाव ते तिसरा हिस्सा मिळतो. बाबागाडीसारख्या मोठ्या वस्तूला, सगळे भाग जागेवर असतील तर, निम्म्यापर्यंत.

खरा फरक पडतो तो उतरत्या किमतीच्या नियमाने. बऱ्याच दुकानांत ३० दिवसांनी २५ टक्के आणि ६० दिवसांनी ५० टक्के सूट आपोआप लागू होते. १०० ची चिठ्ठी लावलेली वस्तू दुसऱ्या महिन्यात ७५ ला विकली गेली आणि वाटा निम्मा असेल, तर हातात ३७.५० येतात, शेवटच्या टप्प्यात २५. त्यातून दर वस्तूमागे हाताळणीचा आकार कापला जात असेल तर स्वस्त झबली-टोपडी ठेवणे परवडतच नाही. ती चार-सहाच्या संचात बांधून एकच वस्तू म्हणून द्यावीत.

सही करण्याआधी पुढील गोष्टी कागदावर आहेत ना ते पाहावे : वाटा सूट देण्यापूर्वीच्या किमतीवर की प्रत्यक्ष विक्रीवर, पैसे कधी आणि किती रक्कम साचल्यावर देणार, चोरी, आग, पाणी यांत वस्तू गेली तर भरपाई कोणाची, मुदत संपल्यावर न विकलेला माल परत मिळतो की दान होतो. शेवटच्या मुद्द्यावरच सर्वांत जास्त भांडणे होतात. मालाची यादी दोन प्रतींत करावी, आणि प्रत्येक मोठ्या वस्तूचा फोटो मॉडेल क्रमांकासह जवळ ठेवावा. दुकान बंद पडले, तर माल आपला आहे हे सिद्ध करणारा पुरावा हाच.

अडतीखेरीज आणखी दोन वाटा आहेत. काही दुकाने माल जागीच रोखीने विकत घेतात. त्यात मोबदला कमी मिळतो, पण त्याच दिवशी मिळतो आणि जोखीम दुकानाची होते. दुसरी वाट हंगामी विक्रीमेळ्यांची. अमेरिकेत असे मेळे वर्षातून दोनदा, वसंत ऋतूत आणि शरद ऋतूत, मोठ्या सभागृहांत भरतात. तेथे किंमत मालक स्वतः ठरवतो, चिठ्ठ्याही स्वतःच लावतो. म्हणून त्याचा वाटा ६० ते ७० टक्क्यांपर्यंत जातो. ज्यांच्याकडे शंभरभर वस्तू आणि दोन-तीन मोकळ्या संध्याकाळी आहेत, त्यांना मेळाच फायद्याचा ठरतो.

वेळ

दुकाने हंगामाच्या दीड-दोन महिने आधी माल घेतात. लोकरी कपडे थंडी पडल्यावर नेले तर पहिला महिना त्यांची मांडणी होण्यातच जातो आणि गिऱ्हाईक येईपर्यंत सूट सुरू झालेली असते. कपडा आखूड झाला की लगेच धुऊन, माप आणि हंगाम लिहिलेल्या पिशवीत टाकावा. ‘पुढच्या बाळाला होतील’ म्हणून ठेवलेले कपडे तीन-चार वर्षांनी बाहेर काढले, की रबर मेलेले आणि गळ्याभोवती पिवळे वर्तुळ उमटलेले सापडते.

ते पिवळे वर्तुळ

ठेवणीतल्या कपड्यांचा हा सर्वांत मोठा शत्रू आहे. बाळाने ओकलेले दूध धुतल्यावर दिसेनासे होते, पण त्यातली चरबी आणि प्रथिने धाग्यांत थोडी उरतात. हवा लागून त्यांचे ऑक्सिडीकरण होते आणि महिन्यांनंतर डाग वर येतो. नवा डाग आधी थंड पाण्याने धुवावा. गरम पाण्याने प्रथिने धाग्यात घट्ट बसतात. मग एन्झाइम असलेली पावडर लावून अर्धा तास ठेवावे. जुना पिवळा डाग असेल तर सोडियम परकार्बोनेटच्या ऑक्सिजन ब्लीचमध्ये, कोमट पाण्यात ६ ते ८ तास भिजवावे, आणि डाग पूर्ण जाईपर्यंत इस्त्री किंवा ड्रायर लावू नये. रेशीम व लोकर या ब्लीचमध्ये टाकू नयेत. सुती पांढरा कपडा ओला असतानाच उन्हात वाळवला तर उरलेली पिवळी झाकही बरीच जाते. आगरोधक प्रक्रिया केलेल्या रात्रीच्या कपड्यांना सॉफ्टनर लावू नये. त्याने त्यांचा आगरोधक गुण कमी होतो.

धुतल्यावर तपासणी करावी ती दिवसाच्या उजेडात, खिडकीशी. गळा, बाह्यांची टोके आणि लंगोटाच्या जागेच्या शिवणी आधी पाहाव्यात. प्रत्येक टिचबटण लावून उघडावे, कारण एक निखळले तरी दुकानदार कपडा बाजूला काढतो. इलॅस्टिक कानाजवळ धरून ताणावे. आतून करकर असा बारीक आवाज आला तर रबर मेले आहे. वेल्क्रोमध्ये अडकलेले केस आणि धागे सुईने उपसावेत. सिगारेटचा वास, कुबट वास आणि उग्र अत्तराचा वास, तिन्हींसाठी अख्खी पिशवी परत येते. मालकाच्या नाकाला घरचा वास जाणवत नाही, म्हणून बाहेरच्या माणसाला हुंगायला सांगावे.

कपडे टांगून द्यायचे असतील तर कपड्याची पुढची बाजू आपल्याकडे असताना हँगरचा आकडा प्रश्नचिन्हासारखा दिसला पाहिजे, म्हणजे सगळे एकाच दिशेने टांगले जातात. विजार खालच्या दांडीला टाचली तर घसरून एका कोपऱ्यात गोळा होते. ती वरच्या उतारालाच सेफ्टी पिनने टाचावी. साध्या टाचण्या वापरू नयेत. किमतीची चिठ्ठी टोचण्याची बंदूक शिवणीतून किंवा लेबलातून मारावी, नाहीतर कापडाला भोक राहते. जोडीच्या कपड्यांत वरचा आणि खालचा एकमेकांना पिनेने जोडलेला नसेल, तर संध्याकाळपर्यंत त्यांची ताटातूट होते.

मोठे सामान

बाबागाडी धुण्याआधी आसनाचे कापड काढावे. बिस्किटांचा चुरा आणि बुरशी शिवणींतच असते. चाकांच्या आसाभोवती गुंडाळलेले केस कात्रीने कापून सिलिकॉन स्प्रे मारावा. तेल लावू नये, ते धूळ धरते. ब्रेक लावून उतारावर उभी करून पाहावी, घडी घालून कुलूप बसते का पाहावे, आणि पट्ट्यांचे बक्कल पाच-सहा वेळा उघडून लावून पाहावे. सुटे स्क्रू आणि अवजार छोट्या पिशवीत घालून सांगाड्यालाच बांधावे. माहितीपुस्तिका हरवली असेल तर बहुतेक कंपन्यांच्या संकेतस्थळावरून छापून घेता येते. पुस्तिका जोडलेली वस्तू लवकर उचलली जाते.

सांगाड्याखालचे लेबल कधीही काढू नये. मॉडेल क्रमांक आणि उत्पादनाची तारीख तिथेच असते, आणि त्याशिवाय ती वस्तू दोषामुळे कंपनीने परत मागवली आहे का हे तपासता येत नाही. अमेरिकेत २००८ च्या कायद्यापासून परत मागवलेली वस्तू विकणे बेकायदा आहे. हे जुन्या वस्तूंच्या दुकानांनाही लागू होते.

जे विकूच नये

गाडीत मुलाला पट्ट्यांनी बांधून बसवायच्या कार-सीटची मुदत उत्पादनापासून बहुधा ६ ते १० वर्षे असते. बंद गाडीतल्या उष्णतेने आणि थंडीने प्लास्टिक वर्षानुवर्षे प्रसरण-आकुंचन पावते. एकदा अपघात झालेल्या सीटमध्ये डोळ्यांना न दिसणारा तडा असू शकतो, आणि ब्लीचमध्ये धुतलेल्या पट्ट्या कमकुवत होतात. पुढच्या मालकाला यांतले काहीच बाहेरून कळत नाही. म्हणून बरीच दुकाने कार-सीट घेतच नाहीत, आणि हा निर्णय योग्य आहे. मुदत संपलेली सीट फेकताना पट्ट्या कापाव्यात, म्हणजे कोणी उचलून वापरणार नाही.

खाली सरकणाऱ्या बाजूचे पाळणे अमेरिकेत जून २०११ पासून विकता येत नाहीत; त्यांची खिटी निसटून बाळ फटीत अडकल्याने मृत्यू झाले होते. पाळण्याच्या दांड्यांमधले अंतर ६ सेंमी.पेक्षा जास्त नको आणि गादी व कड यांत दोन बोटांहून अधिक फट नको. १० अंशांहून जास्त कलत्या झोपण्याच्या आसनांवर आणि पाळण्याच्या जाड कापडी कठड्यांवर अमेरिकेने २०२२ मध्ये कायद्याने बंदी आणली. कॅनडाने तर २००४ मध्येच चाकांच्या पांगुळगाड्यांची विक्री बंद केली, जुन्यांचीही. टोपीच्या किंवा गळ्याच्या नाड्या असलेले जॅकेट घसरगुंडीत अडकते. नाडी ओढून काढल्याशिवाय ते देऊ नये. रंग उडालेली फार जुनी खेळणी शिशाच्या धोक्यामुळे बाजूला ठेवावीत. वापरलेल्या चोखण्या, बाटल्यांची बुचे आणि एकाच मातेने वापरावयाचे दूधपंप दुकाने स्वीकारत नाहीत.

मुदत संपण्याच्या आठवडाभर आधी यादी घेऊन दुकानात जावे. काय विकले गेले ते पावतीशी ताडून पाहावे आणि उरलेला माल त्याच दिवशी उचलावा. बहुतेक करारांत ठरलेली तारीख उलटली की तो दुकानाचा होतो.