मॉड्यूल दुसऱ्याचं, जबाबदारी आपली

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत एखादी छोटी कंपनी कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवते असं धरू. संगणकाच्या आज्ञांवर चालणारं सीएनसी मशिन किती वेळ चाललं, कधी बंद पडलं, हे ते स्क्रीनवर दाखवतं. कंपनी आपला सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामरने लिहिलेला मूळ मजकूर, कुणाला देत नाही. मात्र यंत्रांकडून आकडे घ्यायला मॉडबस ही संवादाची ठरलेली पद्धत लागते आणि त्यासाठी ‘लिबमॉडबस’ हे मॉड्यूल, म्हणजे दुसऱ्याने लिहिलेला तयार कोड, आयतं, फुकट मिळतं. फुकट आहे, वापरलं, विषय संपला असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. अशा मॉड्यूलसोबत लायसन्स, म्हणजे वापराच्या अटी, येतात.

प्रोग्राम सुरू झाला की मॉड्यूलची डीएलएल फाइल (विंडोजवर मॉड्यूल याच रूपात येतं) तो स्वतःच्याच मेमरीत ओढून घेतो. मग दोघं एकमेकांची फंक्शन्स वापरतात, तोच डेटा हाताळतात. जीपीएल हे लायसन्स काढणाऱ्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या मते अशी जोडणी म्हणजे एकच प्रोग्राम. त्यामुळे मॉड्यूल जीपीएल या, सोर्स कोड खुला ठेवायला लावणाऱ्या, लायसन्सखाली असेल आणि दोन्ही मिळून ग्राहकाला दिलं, तर आपलाही सोर्स कोड द्यावा लागतो. तेच मॉड्यूल स्वतंत्र प्रोग्राम म्हणून चालवलं आणि दोघांत साध्या मजकुराचीच देवाणघेवाण झाली, तर ते सहसा वेगळे मानले जातात. ‘फाइल वेगळी ठेवली की सुटलो’ हा समज मला म्हणूनच घातक वाटतो.

लिबमॉडबस एलजीपीएल या जीपीएलच्या सौम्य भावंडाखाली येतं, त्यामुळे आपला कोड बंद ठेवता येतो. तरी लायसन्सची प्रत सोबत द्यायची, लायब्ररीचा, म्हणजे त्या मॉड्यूलचा, सोर्स कोड मिळेल अशी सोय करायची आणि ग्राहकाला त्या लायब्ररीची सुधारलेली आवृत्ती बसवता आली पाहिजे. ही शेवटची अट हमखास राहून जाते. एमआयटी लायसन्सला कॉपीराइटची सूचना आणि लायसन्सचा मजकूर जपला की पुरतं.

या अटी कागदावरच्या नाहीत. लिंक्सिस कंपनीच्या डब्ल्यूआरटी५४जी राउटरमध्ये जीपीएलखालचं लिनक्स असल्याचं उघड झालं आणि २००३ मध्ये कंपनीला सोर्स कोड खुला करावा लागला. त्यातूनच पुढे ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरसाठीचं खुलं सॉफ्टवेअर उभं राहिलं. २००४ मध्ये म्युनिकच्या न्यायालयाने जीपीएलच्या अटी बंधनकारक मानल्या. आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्रामला साहित्यकृतीचंच संरक्षण आहे.

म्हणून सेटअप ग्राहकाकडे जाण्याआधी इन्स्टॉल फोल्डर उघडावं आणि प्रत्येक डीएलएलपुढे नाव, आवृत्ती, लायसन्स लिहावं. या यादीला एसबीओएम म्हणतात. ती लिहिण्याची एसपीडीएक्स ही पद्धत २०२१ पासून आयएसओ मानक आहे. मॉड्यूलने आपल्यासोबत ओढून आणलेली मॉड्यूल्सही त्या यादीत हवीतच.