स्लाव्हिया प्रागचा लाल तारा कम्युनिस्टांचा नाही

‘प्रागच्या स्लाव्हिया फुटबॉल क्लबच्या जर्सीवरचा लाल तारा ही कम्युनिस्ट राजवटीची खूण आहे,’ असं वर्षानुवर्षं फिरतंय. तसं वाटणं अगदी स्वाभाविक आहे, पण तारखा जुळत नाहीत. क्लब १८९२ चा. अर्ध्या लाल, अर्ध्या पांढऱ्या जर्सीवर तारा आला १८९६ च्या सुमारास. रशियातल्या लाल सैन्यानं तारा घेतला १९१८ मध्ये आणि चेकोस्लोव्हाकियात कम्युनिस्ट सत्तेवर आले १९४८ मध्ये. उलट त्याच राजवटीत क्लबचं नाव पुसून ‘डायनामो’ केलं गेलं. जुनं नाव परत मिळायला १९६५ उजाडलं, हे चाहत्यांना फार लागलं होतं.

खात्री करायची तर पहिल्या महायुद्धाआधीचा संघाचा फोटो शोधा, छातीवर तारा दिसेल. क्लबच्या चिन्हातल्या ताऱ्याचं टोकही नीट पाहा: ते खाली रोखलेलं असतं, सोव्हिएत झेंड्यावरच्या ताऱ्याचं वर.