तिशा बाव

यहुदी पंचांगातील अव महिन्याचा नववा दिवस. जेरुसलेममधील दोन्ही मंदिरांच्या विध्वंसाचा शोक या दिवशी पाळतात. पहिले मंदिर बाबिलोनच्या नबुखद्नेस्सरच्या सैन्याने इ. स. पू. ५८६ च्या सुमारास जाळले, दुसरे इ. स. ७० मध्ये टायटसच्या रोमन फौजेने. हा दिवस जुलै-ऑगस्टमध्ये येतो. शनिवारी आल्यास उपास रविवारी होतो.

शोकाचा काळ मात्र तीन आठवडे आधीच सुरू होतो. अवच्या आधीच्या तम्मूझ महिन्याच्या सतराव्या दिवशी, जेरुसलेम नगराच्या तटाला खिंडार पडल्याच्या स्मरणार्थ उपास असतो. तेव्हापासून अनेक समाजांत लग्नकार्ये थांबतात. अव लागला की शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विश्रांतीचा पवित्र दिवस, याखेरीज मांस आणि मद्यही वर्ज्य करतात. नवव्या दिवशी, म्हणजे आदल्या संध्याकाळच्या सूर्यास्तापासून त्या दिवशी रात्र पडेपर्यंत, पाणीसुद्धा घ्यायचे नाही, स्नान नाही, चामड्याची पादत्राणे नाहीत. सिनगॉगमध्ये, म्हणजे यहुदी प्रार्थनास्थळात, दिवे मंद करून लोक जमिनीवर बसतात आणि जेरुसलेमच्या नाशावरचा बायबलमधील ग्रंथ ‘विलापगीत’ वाचला जातो. शेवटच्या ओवीत कठोर नाराजीचा सूर असल्याने तिच्या आधीची, ‘आम्हाला तुझ्याकडे परत ने’ अशी देवाच्या विनवणीची ओवी पुन्हा म्हणतात. सकाळच्या शोकगीतांत बाराव्या शतकातील स्पेनचा कवी येहूदा हालेवी सियोनलाच, म्हणजे जेरुसलेमलाच, विचारतो, की तुझ्या बंदिवान लेकरांची तू खुशाली विचारणार नाहीस का? ज्या पिढ्यांनी ते नगर कधी पाहिले नाही, त्यांचे त्याच्याशी नाते अशा शब्दांनी टिकवले, आणि या दिवसाचे खरे सामर्थ्य त्यातच आहे.

कोकणातील बेने इस्राएल या यहुदी समाजात याच दिवसाला ‘बिरड्याचा सण’ म्हणतात; वालाचे बिरडे हा त्याच्या जेवणातला पदार्थ. या समाजाच्या एका परंपरेनुसार त्यांचे पूर्वज दुसरे मंदिर उभे असतानाच गलबत फुटून अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला लागले. म्हणजे तो विध्वंस घडला तेव्हा ते आधीच दूर होते. तरीही तो शोक त्यांनी आपला मानला.

१९६७ मध्ये जेरुसलेमचा जुना भाग इस्रायलच्या ताब्यात आल्यावर एक गंभीर प्रश्न उभा राहिला. दुपारच्या ‘नाहेम’ प्रार्थनेत नगराचे वर्णन उजाड, लेकरांविना शोक करणारे असे आहे; गजबजलेल्या शहरात उभे राहून ते कसे म्हणावे? काही धर्मपंडितांनी शब्द बदलले. अनेकांनी जुनेच ठेवले, कारण मंदिर अजूनही उभे नाही.