आवाज येतोय का? ऑनलाइन बैठकीमागची शंभरेक वर्षं

ऑनलाइन बैठकीचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "माझा आवाज येतोय का?" मी दिसतेय का, हा प्रश्न आलाच तर त्याच्या मागून येतो. अशा बैठका घेणं हे माझं रोजचं काम आहे आणि हा क्रम मला अगदी योग्य वाटतो. आवाज नीट असेल आणि सगळ्यांसमोर एकच कागद उघडा असेल, तर कॅमेरे बंद ठेवूनही दोन तासांची बैठक व्यवस्थित पार पडते. उलट चित्र लख्ख पण आवाज तुटतोय, अशी बैठक पाच मिनिटंही चालत नाही. तरी या तंत्राचा इतिहास सांगताना बहुतेक वेळा दूरच्या माणसाचा चेहरा दाखवणाऱ्या यंत्रांचीच गोष्ट सांगितली जाते. ती खरी आहे, पण अपुरी आहे. चेहऱ्यामागे धावलेल्या यंत्रांना कित्येक दशकं गिऱ्हाईक मिळालं नाही. बैठक जमली ती आवाजाचे आणि कागदाचे प्रश्न सुटल्यावर.

तरी सुरुवात चेहऱ्यापासूनच करावी लागते. ७ एप्रिल १९२७ रोजी अमेरिकेचे वाणिज्यमंत्री हर्बर्ट हूवर वॉशिंग्टनमध्ये यंत्रासमोर बसले आणि न्यूयॉर्कमध्ये एटी अँड टी या टेलिफोन कंपनीचे अध्यक्ष वॉल्टर गिफर्ड यांना ते बोलताना दिसले. आवाज दोन्हीकडून जात होता, चित्र मात्र एकाच बाजूने. १९३६ मध्ये जर्मनीने बर्लिन आणि लाइपझिग या शहरांदरम्यान चित्रासह बोलण्याची सार्वजनिक सेवा सुरू केली. महायुद्धात, १९४० साली, ती बंद पडली. मग १९६४ मध्ये न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात एटी अँड टीने 'पिक्चरफोन' मांडला. न्यूयॉर्क, वॉशिंग्टन आणि शिकागो इथे त्याची बूथ उघडली. तीन मिनिटांच्या बोलण्याला १६ ते २७ डॉलर पडत. १९७० मध्ये पिट्सबर्गमध्ये तो कार्यालयांना भाड्याने मिळू लागला, महिना १६० डॉलर आणि त्यात अर्ध्या तासाचं बोलणं.

ही सेवा चालली नाही. भाडं जबर होतं, आणि ज्याच्याशी बोलायचं त्याच्याकडे तेच यंत्र नसेल तर आपलं यंत्र कोपऱ्यात पडून राहणार. पण मला तिसरं कारण जास्त महत्त्वाचं वाटतं. कामाच्या बोलण्यात लोकांना एकमेकांच्या चेहऱ्यापेक्षा आकडे, आराखडे, मसुदे पाहायचे असतात. टेबलावरचा कागद दाखवण्याची सोय पिक्चरफोनमध्ये होती, पण २५० रेषांच्या त्या चित्रात टाइप केलेल्या पूर्ण पानाचा मजकूर वाचणं शक्य नव्हतं.

आजच्या बैठकीचा खरा पूर्वज शोधायचा तर ९ डिसेंबर १९६८ च्या सॅन फ्रान्सिस्कोला जावं लागेल. डग्लस एंगलबार्ट या संशोधकाने त्या दिवशी संगणकतज्ज्ञांच्या परिषदेत सुमारे दीड तासाचं प्रात्यक्षिक दिलं. माऊस त्यात पहिल्यांदा जाहीरपणे दिसला, म्हणून ते जास्त लक्षात राहिलं. पण बैठका घेणाऱ्यांनी पाहावा असा भाग वेगळाच आहे. एंगलबार्टची प्रयोगशाळा जवळजवळ ५० किलोमीटरवर मेन्लो पार्कमध्ये होती आणि तिथे बिल पॅक्स्टन हा सहकारी बसला होता. त्याचा आवाज सभागृहात येत होता आणि चेहरा पडद्याच्या एका भागात दिसत होता. उरलेल्या पडद्यावर दोघांसमोर एकच मजकूर होता आणि दोघांचे पॉइंटर त्यावर फिरत होते. चेहरा कोपऱ्यात, कागद मध्यभागी, आवाज सतत. आज कुणी स्क्रीन शेअर केली की पडद्याची मांडणी अशीच होते. पिट्सबर्गचा पिक्चरफोन यानंतर दोन वर्षांनी आला आणि त्याने चेहराच मध्यभागी ठेवला. म्हणून मला तो एंगलबार्टपेक्षा जुना वाटतो.

आता आवाजाकडे येते. इथे थोडं थांबायला हवं, कारण या कामाची दखल फार कमी घेतली जाते. समोरच्याचा आवाज आपल्या स्पीकरमधून बाहेर पडतो, खोलीत घुमतो आणि आपल्याच मायक्रोफोनमधून परत त्याच्याकडे जातो. हा प्रतिध्वनी लगेच परतला तर जाणवत नाही, उशिरा परतला तर बोलणं अशक्य होतं. साठच्या दशकात लांब पल्ल्याचे फोन उपग्रहामार्फत जाऊ लागले तेव्हा फोनलाइनच्या जोडांवरून परतणाऱ्या अशाच प्रतिध्वनीचा प्रश्न टोकाला गेला. भूस्थिर उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो, त्यामुळे आवाज एका बाजूने पोहोचायलाच पाव सेकंद लागतो. तोवरचा उपाय ढोबळ होता: एक जण बोलत असेल तर दुसऱ्याची बाजू दाबून टाकायची. दोघं एकदम बोलले की शब्द गायब. एटी अँड टीच्या बेल लॅब्ज या प्रयोगशाळेतल्या मनमोहन सोंधी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसरी वाट काढली. समोरून येणारा आवाज यंत्राला आधीच माहीत असतो. त्याचा प्रतिध्वनी कसा येतो हे यंत्राने शिकत राहायचं आणि मायक्रोफोनच्या आवाजातून तेवढाच भाग वजा करायचा. सोंधींचा त्यावरचा निबंध १९६७ चा आहे. आज प्रत्येक बैठकीत आपला लॅपटॉप हेच शिकणं आणि वजा करणं दर क्षणी करत असतो.

हे नीट कळतं ते बिघडतं तेव्हा. एकाच खोलीत दोघं जण आपापल्या लॅपटॉपवरून बैठकीत आले आणि दोघांचेही माइक आणि स्पीकर चालू राहिले, की कानठळ्या बसवणारी शिट्टी सुरू होते. शेजारच्या लॅपटॉपमधून काय वाजणार आहे हे आपल्या लॅपटॉपला माहीत नसतं, मग तो वजा काय करणार? अशा वेळी एकाने स्पीकर आणि माइक दोन्ही बंद करावेत. नुसतं म्यूट केलं तर शिट्टी थांबते, पण त्याच्या स्पीकरचा आवाज दुसऱ्याच्या माइकमधून सगळ्यांना उलटून ऐकू येत राहतो.

चित्राची बाजूही या काळात पुढे सरकत होती. नासिर अहमद, टी. नटराजन आणि के. आर. राव यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या गणिती पद्धतीमुळे चित्रातली माहिती फार दाबता येऊ लागली. तिच्यावर आधारलेलं एच.२६१ हे आंतरराष्ट्रीय मानक १९८८ मध्ये आलं आणि डिजिटल फोनलाइनवरून चालतं चित्र पाठवणं जमलं. पण त्यासाठी खास खोली, खास यंत्रं आणि महागड्या लाइन लागत. बैठक घ्यायची म्हणजे ती खोली आधी राखून ठेवायची.

इंटरनेटवर बैठक आली तीसुद्धा आधी कानांसाठी. मार्च १९९२ मध्ये इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या आयईटीएफ या संस्थेची सभा सॅन दिएगोत भरली होती. तिचा आवाज इंटरनेटवरून तीन खंडांतल्या वीस ठिकाणी थेट ऐकवला गेला. त्याच वर्षी कॉर्नेल विद्यापीठात टिम डॉर्सी यांनी 'सीयू-सीमी' हा प्रोग्रॅम लिहिला. साध्या मॅकिंटॉश संगणकावर करड्या छटांतलं लहानसं चित्र त्यात दिसे. आवाजाची भर त्यात १९९४ मध्ये पडली. त्याच वर्षी 'क्विककॅम' हा शंभर डॉलरच्या आसपासचा कॅमेरा बाजारात आला आणि खास खोलीची गरज संपू लागली.

इंटरनेटवरून बोलण्यात अडचण अशी, की आवाजाचे लहान लहान तुकडे होऊन ते वेगवेगळ्या वेळी पोहोचतात. काही उशिरा, काही उलट्या क्रमाने, काही पोहोचतच नाहीत. फाइल पाठवताना हरवलेला तुकडा परत मागवता येतो. बोलण्यात तो परत येईपर्यंत वाक्य पुढे गेलेलं असतं. म्हणून १९९६ च्या आरटीपी या नियमावलीने प्रत्येक तुकड्यावर क्रमांक आणि वेळ लिहिण्याची पद्धत घालून दिली. ऐकणाऱ्याचं यंत्र थोडे तुकडे साठवून क्रमाने वाजवतं आणि हरवलेल्याची जागा अंदाजाने भरून काढतं. "तुझा आवाज रोबोटसारखा येतोय" असं आपण म्हणतो तेव्हा बऱ्याचदा हा अंदाजाने भरलेला आवाज ऐकत असतो. साठवण वाढवली तर आवाज सलग होतो, पण उशीर वाढतो. एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत राहिला तर संभाषण सहज चालतं, असं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचं मार्गदर्शन सांगतं. त्याच्या बरंच पलीकडे गेलं की दोघं एकदम बोलायला लागतात, मग दोघं एकदम थांबतात, आणि "तू बोल, तू बोल" सुरू होतं.

कागदाचा प्रश्न नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात सुटला. मायक्रोसॉफ्टचं 'नेटमीटिंग' १९९६ मध्ये आलं. त्यात दुसऱ्याला आपला प्रोग्रॅम दाखवता येई आणि हवं तर त्याच्या हातीही देता येई. झेरॉक्सच्या संशोधन केंद्रातून 'प्लेसवेअर' निघालं, सुब्रा अय्यर आणि मिन झू यांनी 'वेबेक्स' उभं केलं. 'वेब कॉन्फरन्स' हा शब्द रुळला तो याच काळात, आणि त्याचा अर्थ आजच्यापेक्षा वेगळा होता. आवाज फोनवरून यायचा: दिलेला नंबर फिरवायचा, कोड दाबायचा. ब्राउझरमध्ये फक्त स्लाइड दिसायच्या. चेहरा बहुतेक वेळा नसायचाच, आणि तरी हा धंदा जोरात चालला. सिस्को या कंपनीने २००७ मध्ये वेबेक्स घेतली ती ३.२ अब्ज डॉलरना. पिक्चरफोनला जे साधलं नाही ते चेहरा वगळलेल्या या सेवेने साधलं.

घराघरात चेहरा पोहोचवला तो स्काइपने. २००३ मध्ये आवाजाने सुरुवात झाली, व्हिडिओ २००६ मध्ये आला. तोही आधी दोघांपुरता. दोघांचं बोलणं आणि दहा जणांची बैठक यांत मोठं अंतर आहे, कारण दहा जणांनी एकमेकांना थेट चित्र पाठवायचं ठरवलं तर प्रत्येकाला नऊ प्रवाह पाठवावे लागतात. एकूण नव्वद. घरच्या कनेक्शनला ते झेपत नाही. जुना उपाय असा, की मध्ये एक मोठं यंत्र ठेवायचं. सगळ्यांची चित्रं उलगडून एक चौकटींचं चित्र शिवायचं आणि तेच सगळ्यांना द्यायचं. यंत्र महाग, शिवणकामाला वेळ. मग विचार पुढे गेला: मधल्या सर्व्हरने शिवूच नये, नुसतं टपाल वाटावं. प्रत्येकाने आपलं चित्र एकदाच, पण लहान-मोठ्या दोन-तीन प्रतींत द्यावं, आणि ज्याच्या पडद्यावर ते मोठं दिसतंय त्याला मोठी प्रत, बाकीच्यांना लहान प्रत सर्व्हरने पुढे ढकलावी. 'जित्सी' या खुल्या सॉफ्टवेअरने २०१३ मध्ये असा सर्व्हर कुणालाही वापरायला दिला.

त्याआधी २०११ मध्ये गूगलने वेबआरटीसी हे तंत्र खुलं केलं होतं, त्यामुळे वेगळं काही न बसवता ब्राउझरमधूनच बोलणं शक्य झालं. २०१२ मध्ये 'ओपस' हे आवाज दाबण्याचं मानक आलं. बोलण्यासाठी त्याला सेकंदाला तीसेक किलोबिट पुरतात, तर स्पष्ट चित्राला त्याच्या कितीतरी पट. नेट कमकुवत असलेल्याला आपण "कॅमेरा बंद करून बघ" म्हणतो, त्यामागचं गणित हेच. एरिक युआन यांनी २०११ मध्ये सिस्को सोडून सुरू केलेलं 'झूम' २०१३ मध्ये लोकांसमोर आलं, ते हा सगळा पाया तयार होत असताना.

२०२० मध्ये काय झालं ते सगळ्यांनी अनुभवलं आहे. झूमच्या बैठकांतले रोजचे सहभाग डिसेंबर २०१९ मध्ये जास्तीत जास्त एक कोटी होते, ते एप्रिल २०२० मध्ये ३० कोटींवर गेले. हे सहभाग आहेत, माणसं नव्हेत. दिवसात पाच बैठकांना बसलेला माणूस पाचदा मोजला जातो. माझ्या दृष्टीने मोठा बदल आकड्यांत नाही, होस्टच्या कामात झाला. उघड्या लिंकवरून अनोळखी लोक घुसू लागले, शाळेच्या वर्गांतसुद्धा. एप्रिलमध्ये पासवर्ड आणि वेटिंग रूम आपोआप चालू असण्याची पद्धत आली. बैठक घेणाऱ्याला दारावर उभं राहून एकेकाला आत घ्यायचं काम लागलं. मला ते कधी ओझं वाटलं नाही; बैठकीत बोलणाऱ्यांना सुरक्षित वाटणं ही घेणाऱ्याचीच जबाबदारी आहे.

चेहऱ्याचा हिशोबही त्यानंतर नव्याने मांडला गेला. स्टॅनफर्ड विद्यापीठातले जेरेमी बेलेन्सन यांनी फेब्रुवारी २०२१ मध्ये या बैठकांच्या थकव्याची चार कारणं सुचवली: सतत जवळून रोखलेल्या नजरा, हावभाव कळावेत आणि कळवावेत म्हणून पडणारा जास्तीचा ताण, दिवसभर स्वतःचाच चेहरा समोर असणं, आणि चौकटीत राहण्यासाठी एका जागी खिळून बसणं. चारांपैकी तीन थेट चेहऱ्यांच्या चौकटींशी जोडलेली आहेत, आणि हावभावांच्या ताणातही त्यांचा वाटा आहेच. स्वतःची चौकट आपल्यापुरती लपवण्याची सोय बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये आहे. माझ्या बैठकांत सुरुवातीच्या नमस्कारानंतर मी ती सगळ्यांना दाखवून देते, मग मसुदा शेअर करते. चेहरे कडेला सरकतात, मधोमध पान उघडतं, आणि कुणीतरी म्हणतं, "दुसरा परिच्छेद, तिसरी ओळ बघा."