पोझिशन कोच आणि यशाचे श्रेय (अमेरिकन फुटबॉल)

पोझिशन कोच : अमेरिकन फुटबॉलमध्ये एकाच जागेवर खेळणाऱ्या खेळाडूंच्या गटाला शिकवणारा प्रशिक्षक. हा फुटबॉल म्हणजे गोव्यात किंवा कोलकात्यात खेळतात तो नव्हे. लंबगोल चेंडू हातात घेऊन, हेल्मेट घालून खेळायचा अमेरिकेतला धसमुसळा खेळ. एनएफएल या व्यावसायिक लीगच्या संघात ५३ खेळाडू असतात. वर हेड कोच, त्याच्या हाताखाली आक्रमणाचा आणि बचावाचा एकेक कोऑर्डिनेटर आणि त्यांच्याही खाली पोझिशन कोच : चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकचा वेगळा, फेकलेला चेंडू झेलणाऱ्या रिसीव्हरचा वेगळा, समोरच्यांना अडवणाऱ्या पाचजणांच्या ऑफेन्सिव्ह लाइनचा वेगळा. क्रिकेट संघातल्या गोलंदाजी प्रशिक्षकासारखे हे पद आहे, फक्त येथे अशी माणसे एकाच संघात बरीच असतात.

डावपेच ठरवणे हे त्याचे काम नव्हे. पहिले पाऊल किती आणि कोणत्या कोनात टाकायचे, हात प्रतिस्पर्ध्याच्या छातीवर नेमके कुठे बसवायचे, समोरच्याचे वजन कोणत्या पायावर आहे हे कसे ओळखायचे, असल्या बारीक गोष्टी तो रोज घोटून घेतो. सामन्याचे चित्रण आपल्या गटाबरोबर बसून मागे-पुढे करत पाहतो. खेळाडूचा सर्वाधिक वेळ जातो तो याच माणसाबरोबर. म्हणून खेळाडू चमकला की ‘घडवला कोणी?’ हा प्रश्न याच्यापाशी येतो. उत्तर मात्र सोपे नाही, कारण त्याच खेळाडूला निवडले दुसऱ्याने, डावपेच आखले तिसऱ्याने आणि अंगकाठी दिली आईबापांनी.

या वादाचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे डेन्व्हर ब्रॉन्कोज. १९९५ साली माइक शानाहान तेथे हेड कोच झाले. त्यांच्याबरोबर ऑफेन्सिव्ह लाइनसाठी अ‍ॅलेक्स गिब्ज आणि चेंडू घेऊन धावणाऱ्या रनिंग बॅकसाठी बॉबी टर्नर आले. त्याच वर्षीच्या ड्राफ्टमध्ये (संघांनी पाळीपाळीने, फेऱ्यांमध्ये कॉलेजचे खेळाडू निवडण्याची पद्धत) सहाव्या फेरीत, १९६व्या क्रमांकावर निवडलेल्या टेरेल डेव्हिसने हजार यार्डांहून अधिक धाव काढली आणि १९९८ मध्ये तर २,००८ यार्ड. १९९९ मध्ये त्याचा गुडघा गेला. चौथ्या फेरीतल्या ओलँडिस गॅरीने त्याची जागा घेऊन १,१५९ यार्ड काढले. पुढच्या वर्षी सहाव्या फेरीतल्या माइक अँडरसनने १,४८७. माणूस बदलला तरी पीक तेच. साहजिकच बोलबाला झाला की ब्रॉन्कोजच्या लाइनमागे कोणालाही उभे करा, तो हजार यार्ड धावेल.

यामागे गिब्ज यांची ‘झोन ब्लॉकिंग’ पद्धत होती. लाइनमधल्या प्रत्येकाने ठरावीक प्रतिस्पर्ध्याला न अडवता पाचही जणांनी एका लयीत बाजूला सरकायचे आणि आपल्या पट्ट्यात जो येईल त्याला रेटायचे. धावणाऱ्याने वाट पाहायची, फट दिसली की एकदाच वळायचे आणि मग मागे बघायचे नाही. यासाठी अगडबंब माणसे नकोत, चपळ हवीत. त्यामुळे डेन्व्हरची लाइन इतरांच्या मानाने हलकी होती आणि त्यातला सेंटर (लाइनच्या मधोमध उभा राहणारा) टॉम नेलन सातव्या फेरीतला होता. पद्धत अर्थात एकट्या गिब्ज यांच्या जोरावर चालली नाही. ‘एकदाच वळायचे’ ही शिस्त धावणाऱ्यांच्या अंगी बाणवणारे होते टर्नर आणि हे सगळे डावपेचांत बसवणारे शानाहान. तिघांपैकी कोणाचा वाटा किती?

माणसे पांगली तेव्हा काही उलगडा झाला, पण पुरता नाही. २००४ मध्ये क्लिंटन पोर्टिस वॉशिंग्टनला गेला. डेन्व्हरमध्ये दोन्ही हंगामांत दर धावेला ५.५ यार्ड काढणारा हा खेळाडू तेथे पहिल्या वर्षी ३.८ वर आला. श्रेय खेळाडूचे नसून लाइनचे होते, असे म्हणणाऱ्यांना आयताच पुरावा मिळाला. (पुढच्या वर्षी तो पुन्हा दीड हजारांवर गेला, हे मात्र ही मंडळी सांगत नाहीत.) त्याच वर्षी गिब्ज अटलांटाला गेले आणि २००४ ते २००६ अशी सलग तीन वर्षे धावण्यात अटलांटा लीगमध्ये पहिला राहिला, पण तेथे मायकेल विक होता, आणि हा क्वार्टरबॅक स्वतःच वाऱ्यासारखा धावे. इकडे डेन्व्हरमध्ये गिब्ज नसतानाही २००४ मध्ये रूबेन ड्रोन्सने १,२४० यार्ड काढलेच. टर्नर पुढे शानाहान पितापुत्रांबरोबर फिरत राहिले. २०१२ मध्ये वॉशिंग्टनला सहाव्या फेरीतल्या आल्फ्रेड मॉरिसने १,६१३ यार्ड काढले. सॅन फ्रान्सिस्कोत अनेक संघांनी सोडलेल्या रहीम मोस्टर्टने जानेवारी २०२० मध्ये ग्रीन बेविरुद्ध एकाच सामन्यात २२० यार्ड काढले, तेव्हाही रनिंग बॅकचे कोच टर्नरच होते.

प्रस्तुत लेखकाच्या मते पोझिशन कोचची खरी पारख पहिल्या फेरीतल्या खेळाडूंवरून करू नये. ते कुठेही वाढले असते. कोणालाच नको असलेल्या माणसाचे त्याच्या हाताखाली काय झाले, ते पाहावे. त्या कसोटीवर न्यू इंग्लंड पेट्रियट्सचे डँटे स्कार्नेकिया सहज उतरतात. १९९९ पासून २०१३ पर्यंत ते तेथे ऑफेन्सिव्ह लाइनचे कोच होते. स्टीफन नील हा त्यांचा गार्ड (सेंटरच्या शेजारी उभा राहणारा) कॉलेजात फुटबॉल खेळलाच नव्हता. तो कुस्तीगीर होता : १९९९ चा जगज्जेता, आणि त्याच वर्षी कॉलेज कुस्तीच्या अंतिम लढतीत त्याने ब्रॉक लेसनरला हरवले होते, तोच लेसनर जो पुढे डब्ल्यूडब्ल्यूईमुळे आपल्याकडच्या पोरांनाही ठाऊक झाला. अशा माणसाला शून्यापासून लाइनमध्ये उभे करणे ही शिकवणीच, निवड नव्हे.

स्कार्नेकिया २०१३ नंतर निवृत्त झाले आणि जागा डेव्ह डीगुलिएल्मो यांच्याकडे गेली. गंमत अशी की पहिल्याच वर्षी, म्हणजे २०१४ च्या हंगामात, पेट्रियट्सनी सुपर बोल (लीगचा अंतिम सामना) जिंकला. दुसऱ्या वर्षी लाइन दुखापतींनी पोखरली, डावा टॅकल (लाइनच्या टोकाला उभा राहणारा) नेट सोल्डर बहुतेक हंगाम बाहेर बसला, आणि डेन्व्हरविरुद्धच्या एएफसी (लीगच्या दोन गटांपैकी एक) अंतिम सामन्यात टॉम ब्रेडीला वारंवार जमीन दाखवली गेली. व्हॉन मिलरने उजवा टॅकल मार्कस कॅननची तर पळता भुई थोडी केली. डीगुलिएल्मो यांची नोकरी गेली आणि स्कार्नेकिया परतले. २०१५ मध्ये संघाच्या क्वार्टरबॅकना ३८ सॅक सोसावे लागले होते (सॅक म्हणजे चेंडू फेकण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडणे), २०१६ मध्ये ते २४ झाले. कॅनन त्या वर्षी ऑल-प्रोच्या (हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूंची यादी) दुसऱ्या संघात निवडला गेला आणि पेट्रियट्सनी पुन्हा सुपर बोल जिंकला. कॅननचा कायापालट हा मला सर्वांत भक्कम पुरावा वाटतो. सॅकच्या आकड्यावर मात्र फार भिस्त ठेवू नये : सोल्डर परत आला होता, आणि सॅक टळणे हे लाइनइतकेच क्वार्टरबॅक चेंडू किती लवकर सोडतो यावरही असते. शिवाय २००७ च्या हंगामाचा सुपर बोल विसरता येत नाही. एकही सामना न हरता आलेल्या पेट्रियट्सच्या लाइनमध्ये तेव्हा प्रो बोलसाठी (लीगच्या निवडक खेळाडूंचा सामना) निवडलेले तीन खेळाडू होते, कोच स्कार्नेकियाच होते, आणि तरीही न्यूयॉर्क जायंट्सनी ब्रेडीला पाच वेळा पाडून १७–१४ असा सामना काढला.

कॉलेज फुटबॉलमध्ये हिशेब आणखी गुंततो, कारण तेथे पोझिशन कोच खेळाडू मिळवूनही आणतो. ओहायो स्टेटमध्ये ब्रायन हार्टलाइन यांच्या हाताखालचे गॅरेट विल्सन आणि क्रिस ओलाव्हे २०२२ च्या ड्राफ्टमध्ये दहाव्या आणि अकराव्या क्रमांकावर गेले. लगेच बाराव्या क्रमांकावर गेला जेमिसन विल्यम्स. तोही हार्टलाइन यांच्याकडेच होता, पण जागा मिळेना म्हणून शेवटचे वर्ष अलाबामात खेळला आणि तेथे गाजला. त्याला कोणाच्या खात्यात घालायचे? २०२४ मध्ये चौथ्या क्रमांकावर गेलेल्या मार्व्हिन हॅरिसन ज्युनियरचे वडील तर स्वतः हॉल ऑफ फेममधले रिसीव्हर. हार्टलाइन यांची शिकवणी पोकळ आहे असे नव्हे. मात्र यादी वाचून ती मोजता येत नाही.

मानसन्मानाच्या बाबतीत हे पद उपेक्षितच राहिले. स्कार्नेकिया यांना २०२३ मध्ये पेट्रियट्सच्या स्वतःच्या हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळाले. कॉलेजमधील सहायक प्रशिक्षकांसाठी १९९६ पासून ब्रॉयल्स पुरस्कार आहे, पण तो बहुधा कोऑर्डिनेटरच घेऊन जातात.

दोष मात्र पत्ता चुकत नाही. २०१७ मध्ये इंडियानापोलिस कोल्ट्सच्या क्वार्टरबॅकना ५६ सॅक सोसावे लागले होते. २०१८ मध्ये फ्रँक राइक नवे हेड कोच झाले, क्वार्टरबॅक अँड्र्यू लक दुखापतीतून परतला, ड्राफ्टमध्ये सहाव्या क्रमांकावर क्वेंटन नेल्सनसारखा गार्ड मिळाला, आणि लाइनचे कोच म्हणून डीगुलिएल्मो आले. त्या हंगामात सॅक १८ वर आले, सबंध लीगमध्ये सर्वांत कमी. हंगाम संपताच कोल्ट्सनी डीगुलिएल्मो यांना निरोप दिला.