बर्फातलं शिबिर आणि स्कीचं शिबिर

दिवाळीचा फराळ संपत आला की पुण्यातल्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हिमालय उगवतो. 'विंटर कॅम्प, वय ८ ते १५, स्कीइंगसह.' त्यातल्या 'सह'कडे कुणी बघत नाही. थाळी लोणच्यासह मिळते, पण लोणच्यानं पोट भरत नाही. तसंच आहे हे.

माझी भाची दहा वर्षांची असताना अशाच एका शिबिराला मनालीला जाऊन आली. स्कीवर उभी, हात वर, मागे पांढरे डोंगर, असा झकास फोटो होता. "मावशी, मला स्कीइंग येतं!" मी विचारलं, "मग थांबतेस कशी?" तिला प्रश्नच कळला नाही. "थांबायचं नसतं गं, ते दादा धरतात ना!"

त्या दिवसापासून कुणी मला विचारलं की 'मुलाला स्कीच्या शिबिराला पाठवू का', तर मी आधी उलट विचारते: बर्फातल्या की स्कीच्या? नावं सारखी, माहितीपत्रकावरचे फोटो तर हुबेहूब सारखे. आतला माल मात्र वेगळा.

बर्फातल्या शिबिरात मूल आठवडाभर हिमालयात असतं. हिडिंबा मंदिर, मॉल रोड, शेकोटी, एक छोटा ट्रेक, ९.०२ किलोमीटरच्या अटल बोगद्यातून पलीकडे सिस्सूला चक्कर, आणि एक दिवस सोलांग. सोलांगला जाताना रस्त्याच्या कडेला नंबर टाकलेल्या टपऱ्या लागतात. तिथे अंगभर घालायचा ड्रेस आणि गमबूट भाड्यानं मिळतात. वर गेल्यावर स्कीची जोडी पायात अडकवून मिळते, एक दादा हात धरून पंधरा-वीस मीटर सरकवतो, फोटो निघतो, पुढचा नंबर. यात फसवणूक आहे असं मी म्हणणार नाही. आयुष्यात पहिल्यांदा बर्फ बघणाऱ्या सहा-सात वर्षांच्या मुलासाठी याहून छान काही नाही. त्या वयात बर्फाचे गोळे मारणं आणि घसरगाडीवरून घरंगळणं हाच खरा कार्यक्रम. फक्त त्याला स्की शिकणं म्हणू नये.

स्कीचं शिबिर बघणाऱ्याला कंटाळवाणं वाटेल. रोज तोच उतार, तोच प्रशिक्षक, तेच वर चढणं आणि खाली येणं. पहिला अर्धा दिवस तर बुटातच जातो. स्कीचा बूट कडक प्लास्टिकचा असतो. पुढे वाकलं की टाच आतून उचलली जाता कामा नये आणि नडगी पुढच्या पट्टीला चिकटून राहिली पाहिजे. मुलं कुरकुरतात, मग आपण मायेनं एक नंबर मोठा बूट घेतो आणि आत मोज्यांच्या दोन जोड्या चढवतो. दोन्ही चुकीचं. दुहेरी मोज्यांना घड्या पडतात, फोड येतात आणि पाय आवळला की रक्त नीट फिरत नाही, म्हणून उलट जास्त गार पडतो. एकच जोडी, लोकरीची, गुडघ्यापर्यंतची.

मग स्की. नवशिक्या मुलाला त्याच्या छाती ते हनुवटीपर्यंतची पुरते. लांब स्की वळवणं कठीण. बूट आणि स्की यांना जोडणारी जी खिट्टी असते, तिला बाइंडिंग म्हणतात. मूल वेडंवाकडं पडलं की ती आपोआप सुटली पाहिजे, नाहीतर गुडघा पिरगळतो. ती किती घट्ट ठेवायची हे मुलाचं वजन, उंची, बुटाच्या तळाची लांबी आणि त्याला कितपत येतं यावर ठरतं. म्हणून माझी साधी कसोटी: सामान देणाऱ्यानं मुलाचं वजन विचारलं का? विचारलं नसेल, तर तुम्ही पहिल्या प्रकारच्या शिबिरात आहात, पत्रकावर काहीही छापलेलं असो.

त्यानंतर एका पायात स्की घालून सपाटीवर चालणं, आडवं होऊन पायरी-पायरीनं उतार चढणं आणि पडायला शिकणं. पडायचं कुशीवर, उताराच्या वरच्या बाजूला. उठताना दोन्ही स्की उताराला आडव्या करायच्या, नाहीतर उठता उठताच मूल घसरू लागतं. मग येतो तो नांगर. दोन्ही स्कीची पुढची टोकं जवळ, मागची लांब, आतल्या कडा बर्फात दाबलेल्या. वेग कमी होतो आणि माणूस थांबतो. मुलांना नांगर म्हटलं तर कळत नाही, म्हणून जगभरचे प्रशिक्षक त्याला 'पिझ्झा' म्हणतात. गुलमर्गच्या उतारावरही दिवसभर 'पिझ्झा बनाओ, पिझ्झा!' ऐकू येतं. नांगर जमला की वळणं आपसूक येतात: डावी स्की उजवीकडे रोखलेली असते, त्यामुळे डाव्या पायावर भार दिला की मूल उजवीकडे वळतं. हातातल्या काठ्या बऱ्याचदा सुरुवातीला देतच नाहीत, कारण मुलं त्यांच्यावर रेलतात.

इथे पुण्याच्या मुलांची एक गंमत. आपल्याकडे सोसायटीत आणि क्लबात रोलर स्केटिंग करणारी मुलं ढिगानं. त्यांना तोल लवकर सापडतो, हे खरं. पण इनलाइन स्केट थांबवताना पुढचं चाक उचलून टाचेवरचा ब्रेक घासायची सवय असते आणि स्कीवर भार मागे गेला की ताबाच सुटतो. दर रविवारी सिंहगड चढणाऱ्या मुलांचा दम चांगला असतो; त्यांचा जीव वैतागतो तो सारखं पडण्यापायी.

कपड्यांतही दोन शिबिरं वेगळी. फोटोपुरतं जायचं असेल तर भाड्याचा ड्रेस पुरतो. दिवसाचे चार तास पडायचं असेल तर आत थर्मल, मध्ये फ्लीस, वर पाणी न शोषणारं जाकीट आणि पँट. जीन्स आणि सुती बनियन घरीच ठेवा. सुती कापड घाम धरून ठेवतं आणि अंग गार पाडतं. डोक्यावर हेल्मेट हवंच. माकडटोपीवर भागवू नका. ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परत फेकतो, त्यामुळे डोळ्यांवर गॉगल हवा आणि सनस्क्रीन नाकाखाली, हनुवटीखालीही लावायचं. ऊन तिथे खालूनही लागतं.

खरी अडचण शाळेची. पुण्याच्या शाळांना मोठ्या सुट्ट्या दोन, दिवाळीची आणि मे महिन्याची. या दोन्ही वेळी नवशिक्यांच्या उतारावर स्की करण्याजोगा बर्फ नसतो. तो साधारण जानेवारी ते मार्चच्या मध्यापर्यंतचा, म्हणजे नेमका वार्षिक परीक्षेच्या तोंडावर. मे महिन्यात 'स्कीइंगसह' असं कुणी म्हणत असेल तर ते रोहतांगच्या बाजूला उरलेल्या बर्फावरचं फोटोपुरतं स्कीइंग. नाताळच्या आठवड्यात जमू शकतं, पण काश्मीरमध्ये चिल्लई कलां, म्हणजे कडाक्याच्या थंडीचे चाळीस दिवस, सुरूच होतात २१ डिसेंबरला. तोवर पुरेसा बर्फ साठला असेलच असं नाही. आणि अलीकडे बर्फाचा भरवसा राहिलेला नाही. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्ग जवळजवळ कोरडं होतं, आणि २०२५ मध्ये तिथल्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा बर्फाअभावी फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलाव्या लागल्या. म्हणून पैसे भरण्याआधी 'बर्फ नसेल तर काय?' हे विचारायचं. पहिल्या प्रकारचे आयोजक म्हणतात, साइटसीइंग करू. दुसऱ्या प्रकारचे तारीख बदलण्याचं किंवा पैसे परत करण्याचं बोलतात.

शिकायला जागा मोजक्याच. गुलमर्ग २,६५० मीटरवर. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची स्कीइंग आणि गिर्यारोहण शिकवणारी संस्था तिथेच आहे आणि खालचे सौम्य उतार नवशिक्यांना उत्तम. गोंडोलाच्या, म्हणजे तिथल्या केबल कारच्या, दुसऱ्या टप्प्यानं वर अफरवट डोंगरावर जाणं हे नवशिक्या मुलांचं काम नाही, दृश्य कितीही मोहात पाडो. मनालीची अटलबिहारी वाजपेयी गिर्यारोहण संस्थाही स्की शिकवते. उत्तराखंडातल्या औलीला गढवाल मंडल विकास निगम कोर्स घेत आलं आहे. जोशीमठहून वर जाणारा रोपवे मात्र जानेवारी २०२३ मधल्या जमीन खचण्यानंतर बंद पडला. वयाची अट सगळीकडे एकसारखी नाही, ती आधी विचारा. आणि एका प्रशिक्षकामागे मुलं किती, तेही. माझ्या मते सहा-सातच्या वर गेली की मुलं शिकत नाहीत, नुसती रांगेत उभी राहतात.

तीन वर्षांनी भाचीनं हट्टच धरला. ताईनं शाळेत अर्ज दिला, फेब्रुवारीत आठवडाभर गुलमर्ग. या वेळी फोटो आलाच नाही. पाचव्या दिवशी चाळीस सेकंदांचा व्हिडिओ आला. ती अडखळत खाली येते, नांगर धरते आणि कॅमेऱ्यापासून दोन हातांवर थांबते. कुणी धरलेलं नाही. मागून आवाज येतो, "फिर से, ऊपर चलो." ती काही न बोलता आडवी होते आणि पायरी-पायरीनं परत वर चढू लागते.