स्प्रिंग बदलण्याआधी एवढे वाचा

आखूड स्प्रिंग लावून उंची कमी करायला, म्हणजे ‘खाली घ्यायला’, आमच्या वर्कशॉपमध्ये गाडी आली की नव्या स्प्रिंगचा बॉक्स उघडण्याआधी आम्ही टेप काढतो. चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंतची उंची चारही बाजूंना मोजतो. मग शॉकअपचे रबरी कव्हर वर सरकवून दांड्याला एक केबल टाय बांधतो आणि धायरी फाट्यावरून खडकवासल्यापर्यंत चक्कर मारून येतो. टाय कुठवर सरकला यावरून कळते, की आपल्या रस्त्यांवर शॉकअप किती दबतो आणि बंप स्टॉपला, म्हणजे शेवटचा धक्का झेलणाऱ्या रबरी ठोकळ्याला, टेकायला किती जागा उरते. गाडी किती खाली घ्यायची ते आम्ही त्या उरलेल्या मिलिमीटरवरून ठरवतो.

याचे गणित समजून घ्या. समजा कंपनीच्या स्प्रिंगचा कडकपणा 20 न्यूटन प्रति मिलिमीटर आहे, म्हणजे ती एक मिलिमीटर दाबायला 20 न्यूटन जोर लागतो. बंप स्टॉपपर्यंत 70 मिमी जागा आहे. एखाद्या खड्ड्यात ही सगळी जागा वापरली गेली, तर स्प्रिंगने सुमारे 49 जूल ऊर्जा पोटात घेतली. आता गाडी 30 मिमी खाली घेतली, उरले 40 मिमी. तेवढाच गचका तेवढ्या जागेत एकट्या स्प्रिंगने जिरवायचा तर तिचा कडकपणा 61 च्या घरात हवा, म्हणजे तिप्पट! रोजच्या गाडीला अशी स्प्रिंग कोणी बसवत नाही, बसवूही नये. मग उरलेला मार बंप स्टॉप, टॉप माउंट (शॉकअप वर बॉडीला जोडणारा भाग) आणि शेवटी तुमची पाठ खाते. म्हणून शहरात रोज चालणाऱ्या गाडीला आम्ही 15 ते 25 मिमीच्या पुढे सहसा जात नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकातला गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटीमीटर उंच असतो, त्यावरून गाडी सावकाश निघते. सोसायटीच्या गेटसमोरचा डांबराचा अरुंद उंचवटा मात्र कोणत्याच मानकात बसत नाही, आणि घरी जायचा रस्ता तोच असतो.

फोक्सवॅगन पोलोवाल्यांसाठी एक खास गोष्ट. ही गाडी 2022 पर्यंत आपल्या चाकणला बनली, पण भारतासाठी तिची उंची युरोपातल्या पोलोपेक्षा जास्त ठेवलेली होती. तिकडच्या स्प्रिंगच्या बॉक्सवर ‘30 मिमी’ लिहिलेले असेल तर ते तिकडच्या गाडीच्या उंचीवरून. इकडे तीच स्प्रिंग गाडी त्याहून जास्त खाली आणते. शिवाय डिझेल इंजिन जड, पेट्रोल हलके. त्यामुळे बॉक्सवरचा ॲक्सलभार (पुढच्या किंवा मागच्या चाकांच्या जोडीवर येणारे वजन) आणि इंजिन दोन्ही जुळवून पाहतो.

लिनियर की प्रोग्रेसिव्ह? लिनियर स्प्रिंगचा कडकपणा शेवटपर्यंत एकसारखा असतो. दर रविवारी ताम्हिणी घाटात जाणाऱ्याला ती आवडते, कारण वळणात गाडी काय करणार याचा अंदाज नेमका येतो. बाकी बहुतेकांना आम्ही प्रोग्रेसिव्ह सुचवतो. ती सुरुवातीला मऊ आणि दबेल तशी कडक होत जाते.

कापलेली किंवा तापवून आखूड केलेली स्प्रिंग आम्ही लावत नाही, कितीही आग्रह झाला तरी. उष्णतेने पोलादाचा ताव जातो आणि स्प्रिंग खचत जाते. कापलेले टोक खालच्या खोबणीत नीट बसत नाही. अशी एक गाडी आमच्याकडे आली होती. लिफ्टवर घेतल्यावर पुढची स्प्रिंग हाताने गोल फिरत होती. खड्ड्यात चाक खाली लटकले की ती जागेवरून निसटू शकते, हे त्या मालकांना कोणी सांगितलेच नव्हते. त्या दिवशी आम्हाला खरोखर वाईट वाटले.

शॉकअपचा खर्च टाळू नका. कमी उंचीवर कंपनीचा शॉकअप सतत दबलेल्या भागातच काम करतो आणि कडक स्प्रिंगची उसळी त्याला आवरत नाही. बिलस्टीनचे बी-8 मुद्दाम आखूड स्प्रिंगसाठी बनवलेले असतात. बजेट असेल तर असेच काही घ्या. जुना शॉकअप ओलसर दिसत असेल तर आम्ही नुसती स्प्रिंग बदलत नाही.

फिटिंगमध्ये बुशचे (सस्पेन्शनच्या सांध्यांतल्या रबरांचे) बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळतो, नाहीतर रबर कायम पिळलेले राहते आणि लवकर फाटते. स्प्रिंग कॉम्प्रेसर घेऊन हे काम घरी करू नका. दाबलेली स्प्रिंग सुटली तर जिवावर बेतते. अलाइनमेंट त्याच दिवशी होते, 500 किलोमीटरनंतर स्प्रिंग बसल्यावर पुन्हा एकदा. हेडलाइटची उंचीही तेव्हाच लावून देतो. बदल विमा कंपनीला लेखी कळवा, आणि वॉरंटी चालू असेल तर आधी विचारून घ्या.

मोजमापासाठी येताना गाडी धुऊन रिकामी करून आणू नका. डिकीतले रोजचे सामान, स्टेपनी, मुलांची सीट तशीच असू द्या, टाकी अर्धी ठेवा. घरचे चौघे मिळून गाडीने फिरत असाल तर तेही सांगा, मागच्या स्प्रिंगची निवड त्यावर ठरते.